मदत हवी आहे: ऑस्टिनच्या फ्रँकलिन बार्बेक्यूला कोणी जाऊन आलंय का?

मंडळी, पुढच्या शनिवारी आईबाबांना घेऊन डॅलसहून ऑस्टिनला जातोय, फ्रँकलिनचं ब्रिस्केट (धुरावर शिजवलेलं बीफ) खायचंच आहे. उघडतं ११ ला पण लोक सकाळपासूनच खुर्च्या टाकून बसतात आणि माल संपला की बंद, तर शनिवारी साधारण किती वाजता लायनीत लागलं तर ब्रिस्केट नक्की मिळतं? मी एकट्याने नंबर धरून आईबाबांना मागून आणलं तर चालतं का, बाबांचे गुडघे दुखतात हो. आणि मेन म्हणजे आई बीफ खात नाही, तिला टर्की घेईन (टर्कीसाठी एवढी रांग, हे तिला पटवणं अजून बाकीच आहे), पण टर्की त्याच पाटावर त्याच सुरीने कापतात का, वेगळी कापा म्हटलं तर ऐकतात? पाउंडावर देतात तर दोघा पुरुषांना ब्रिस्केट किती पुरेल?