रागावलाय की हिरमुसलाय? एडीएचडी असलेली मुलं आणि घरातले भडके: तुमचे अनुभव लिहा

माझा मुलगा नऊ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता, उतावीळपणा) निदान झालं. चुळबुळ, विसराळूपणा यांची सवय झाली. घर दमतं ते रागाने. रविवारी कॅरममध्ये राणी गेली म्हणून त्याने सोंगट्यांसकट बोर्ड उलटा केला. दहा मिनिटांनी विचारतोय, "आई, जेवायला काय?" माझे हात तेव्हाही थरथरत होते. गंमत अशी की डीएसएम-५ (डॉक्टर निदानासाठी वापरतात ते मानसिक विकारांचं अमेरिकी पुस्तक) च्या निकषांत लक्ष न लागणं आणि अतिचंचलता-उतावीळपणा एवढंच मोजतात. या भडक्यांना तिथे वेगळा रकाना नाही.

काय जमलं, काय फसलं, दोन्ही लिहा. "प्रेमाने घ्या" सोडून काहीही चालेल.

नाशिक, मुलगा ११

आमचे भडके वेळ ठरवून येतात. शाळेतून आला की दप्तर भिरकावणं, बहिणीला ढकलणं. महिनाभर वहीत वेळा टिपल्या, तेव्हा कळलं की सकाळच्या मेथिलफेनिडेटचा (एडीएचडीवरची गोळी) असर उतरतो तीच ही वेळ. त्यात गोळीने भूक मरते, डबा अर्धा परत येतो, म्हणजे पोर उपाशीच. वही डॉक्टरांपुढे ठेवली, त्यांनी गोळीचा प्रकार बदलला. (मात्रेत आपल्या मनाने ढवळाढवळ करू नका बाबांनो.) घरात एकच नियम केला: दारातच "अभ्यास काय दिलाय?" विचारायचं नाही. आधी थालीपीठ, मग सायकल, पुढचं नंतर. आठवड्याचे पाच भडके दोनावर आलेत. दोन आहेतच.

डोंबिवली, मुलगी ८

"शांत हो, श्वास घे" म्हटलं की आमची जास्तच पेटते. आता मी नुसती शेजारी बसते, तोंड बंद ठेवून. श्वासाचा खेळ रात्री, अंथरुणात, पोटावर बाहुली ठेवून ती वरखाली होताना बघायची. स्टिकरचा तक्ता साफ फसला. तिसऱ्या दिवशी स्टिकर चुकला, तिने तक्ताच फाडला.

सातारा जिल्हा, शिक्षिका, चौथीचा वर्ग

माझ्या वर्गातल्या एका मुलाकडे सगळ्यासाठी एकच शब्द होता: राग. पेन्सिल हरवली, राग. मित्राने डबा दुसऱ्याबरोबर खाल्ला, राग. बाईंनी हात वर करूनही विचारलं नाही, राग. आपल्या भाषेत किती छटा आहेत हो! हिरमुसणं, रुसणं, चरफडणं, ओशाळणं, कानकोंडं होणं, धास्तावणं. रोज परिपाठानंतर फळ्यावर एक शब्द लिहायला लागले, सगळ्या वर्गासाठी. त्याला एकट्याला नाही, नाहीतर तेच चिडवायचं निमित्त झालं असतं. "हिरमुसणं" साऱ्यांना फार आवडलं. जानेवारीत तो टेबलाशी येऊन म्हणाला, "बाई, मी आज हिरमुसलोय, मारणार नाहीये." मी त्याला हजेरीपट घेऊन ऑफिसात पिटाळलं, तेवढंच पायांना काम. सगळे दिवस असे नसतात. त्याच आठवड्यात त्याने एकाची कंपासपेटी खिडकीबाहेर फेकली.

ठाणे, बाबा

मुलाच्या तपासणीत माझीच चौकशी निघाली. मोठ्यांमध्ये निदान करतानाही लक्षणं बारा वर्षांच्या आत होती का ते बघतात, म्हणून आईने माझी जुनी प्रगतीपुस्तकं शोधली. दर वर्षी तोच शेरा: हुशार आहे, पण धांदरट. त्याच्या भडक्यावर मी त्याच्याहून मोठ्याने ओरडत होतो, हे तेव्हा दिसलं. आता मीच आधी गॅलरीत जातो आणि सांगून जातो, "बाबा तापलाय, पाच मिनिटांत येतो."

अमेरिकेत २००७ मध्ये झालेला मेंदूच्या वाढीचा एक अभ्यास डॉक्टरांनी सांगितला. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी कमाल होते, एडीएचडी असलेल्यांत साडेदहाव्या. दहा वर्षांच्या घोड्याकडून मी कुठल्या वयाची अपेक्षा करत होतो कोण जाणे.

कोल्हापूर, आजी

आधी मला वाटायचं, सुनेने लाडावून ठेवलाय. तसं बोलूनही दाखवलं. आता तो तापला की कणकेची परात पुढ्यात सरकवते. मळ म्हणते. पोळ्या वातड होतात, खातो आम्ही.

धागा काढणारी

सातारच्या बाई, "ओशाळणं" करून बघितलं. "हा आजोबांचा शब्द आहे," म्हणून नाकारलं. "चरफडणं" मात्र घेतलं, फ्रिजवर लिहून ठेवलंय.

शनिवारी चुलतभावाचा वाढदिवस आहे आणि तिथे संगीतखुर्ची ठेवलीय. खेळू द्यावं, की आधीच काहीतरी निमित्त काढून बाहेर न्यावं? अनुभव असेल तर शुक्रवारपर्यंत लिहा.