अॅरिझोनात रानमेंढे शोधायला जायचंय, जमंल का?

हुरडाप्रेमी: मी सोलापूरचा, मेहुणा अॅरिझोनात असतो, त्याला लॉटरीत डेझर्ट बिगहॉर्न म्हणजे वाळवंटातल्या रानमेंढ्याच्या शिकारीचं परमिट लागलंय, तिकडं म्हणे असला एकच नर जन्मात मारता येतो, आणि मला डिसेंबरात नुसतं दुर्बीण घेऊन शोधायला बोलावलंय. आपला अनुभव म्हणजे इथं जवळच्या नान्नज अभयारण्यात काळवीट बघितल्याचा.

माळावरचा: जमतंय की बे! पण तिथं नान्नजसारखा सपाट माळ नाही, नुसते कडे. १० बाय ४२ (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण ट्रायपॉडवर लाव, हातात धरून तासभर बघितलास तर डोळे जातील. बुडाकडचा पांढरा डाग शोध, बाकीचं अंग दगडात मिसळून जातंय.

बाळीवेसकर: त्यांची नजर लय तेज, कड्याच्या टोकावर उभारू नको. पाणी भरपूर ने, आणि शेंगाचटणी.

हुरडाप्रेमी: चटणी कस्टमवाले सोडतील का बे?