बार्बेल ल्यूरवर धरणे योग्य आहे का?

वूस्टरवासी (धागाकर्ता):
ब्रिटनमधील सेव्हर्न नदीवर बार्बेल हा तळाशी चरणारा मासा गरवणारे बहुतेक जण हॅलिबटच्या शेतीसाठी बनवलेली, माशाच्या भुकटीची पेलेट गळाला लावतात, जड शिसे तळाशी टाकतात आणि खुर्चीत बसून दांडीचे टोक वाकण्याची वाट पाहतात. मीही अनेक वर्षे तेच केले. गेले तीन हंगाम मात्र मी उथळ, खळाळत्या पाण्यात बोटभर रबरी ल्यूर, म्हणजे माशासारखे दिसणारे खोटे आमिष, तळाला घासत फिरवतो आणि बार्बेल त्यावर झडप घालतो. क्लबातील ज्येष्ठांना हे रुचत नाही. बार्बेल हा चार मिशांनी तळ चाचपून खाणारा मासा असल्यामुळे ल्यूर पाइक आणि पर्च या शिकारी माशांपुरतेच ठेवावे, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. ज्या माशाला आपण माशाचीच भुकटी दाबून केलेल्या गोळ्या चारतो, तो मिनो किंवा बुलहेडसारखा चिमुकला मासा तोंडापुढून जाताना सोडून देत असेल, असे का मानायचे?

ट्रेंटकाठचा:
बार्बेल लहान मासे खातो, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो गळ नेमका कोठे रुततो याचा. बार्बेल तळाशी दाटीवाटीने उभे असतात आणि आपला दोर त्यांच्या परांवरून सरकत जातो, तेव्हा तीन टोकांचा गळ पाठीत किंवा पोटाजवळ अडकणे अगदी सोपे असते. आणि अशा वेळी मासा ज्या वेगाने पळतो, त्यालाच आपण ‘झडप’ समजून आनंदतो. आपण धरलेल्यांपैकी किती मासे ओठात गळ असलेले होते, हे प्रामाणिकपणे सांगावे.

वूस्टरवासी:
प्रश्न रास्त आहे. पहिल्या हंगामात मी तीन टोकांचे गळ असलेले ल्यूर वापरत होतो आणि दोन मासे बाहेरून अडकले. तेव्हापासून एकच गळ, तोही टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाकलेला, आणि वर टोक करून चालणारा. त्यानंतरचे सर्व मासे ओठाच्या कोपऱ्यात किंवा तोंडाच्या आत लागलेले होते. बार्बेलचे तोंड खालच्या बाजूला असते, म्हणून ल्यूर तळ सोडून वर चालवला तर मासा बहुधा दुर्लक्ष करतो. त्याने तो खाण्यासाठी घेतला, याची मला यातूनच खात्री पटते. चब या माशाची गोष्ट वेगळी. तो पृष्ठभागावरही धावून येतो.

मुठाकाठी:
मी पुण्याचा असल्यामुळे हा वाद मला जरा नवलाचा वाटतो. आपल्याकडचा महाशीर याच कुळातला. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकारी-निसर्गअभ्यासकाने 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महाशीराचे वर्णन केले, तेव्हा त्याला बार्बेलच्याच शास्त्रीय नावावरून, बार्बस खुद्री असेच नाव दिले होते; आज तो टॉर खुद्री म्हणून ओळखला जातो. त्यालाही मिशा आहेत, तोही तळाशी चरतो, नाचणीच्या गोळ्यावर येतो आणि धातूच्या चमच्यावरही (चमच्याच्या आकाराच्या ल्यूरवर) येतो. चमच्यावर महाशीर धरणे कमीपणाचे आहे, असे आमच्यात कोणी म्हटलेले मी तरी ऐकलेले नाही.

ट्रेंटकाठचा:
महाशीराचा दाखला अर्धाच लागू पडतो. नदीत तो वाढतोही मोठा आणि त्यासाठी दांडी व दोरही जाड घेतात. येथे ल्यूरवाले पर्चसाठीची हलकी दांडी घेऊन येतात आणि जोरदार प्रवाहात बार्बेलला मिनिटामागून मिनिटे झुंजवतात. हा मासा शेवटपर्यंत लढतो. पुन्हा पाण्यात सोडताना त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवले नाही, तर तो उलटा होऊन वाहत जातो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, तेव्हा तर हे जिवावरचे. 2022 च्या कोरड्या उन्हाळ्यात काही ठिकाणी बार्बेल न गरवण्याचे आवाहन उगाच झाले नव्हते. जाड दोराने पेलेट टाकणारा मनुष्य दिसायला आळशी असेल, पण मासा लवकर जाळ्यात घेतो.

वूस्टरवासी:
दोराबद्दल आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. माझी दांडीही आता पाइकसाठीची आहे. पण हा दोष साधनाचा झाला, ल्यूरचा नव्हे. शिवाय सेव्हर्नमधील बार्बेल मूळचे तेथले नाहीत. 1956 मध्ये केनेट नदीतून आणून सोडलेल्या माशांची ती पिढी आहे. त्यामुळे परंपरेच्या नावाने कोणी मला अडवू लागले, की मला थोडे हसू येते.

ट्रेंटकाठचा:
परंपरेचा मुद्दा मी मांडलेलाच नव्हता. ऑगस्टमध्ये पाणी उतरलेले आणि तापलेले असताना आपण ल्यूर घरी ठेवता का, एवढेच विचारतो.

वूस्टरवासी:
तेव्हा मी पेलेटही घरीच ठेवतो. चब धरायला जातो, तेही पहाटे.