बॉर्डरलाइन आणि बौद्धिक अक्षमता: तिन्ही पाळ्यांत चालेल असा शुश्रूषा आराखडा कसा करावा?

नवी_पाळी:
जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार वॉर्डासाठी आराखडा लिहायचा आहे. दोन रुग्णांपाशी गाडी अडते. एक, बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराची (भावना टोकाच्या, कोणी सोडून जाईल ही सतत भीती) २४ वर्षांची मुलगी. हातावर कापून घेते. सकाळच्या सिस्टर तिला देवासारख्या, रात्रीच्या वैऱ्यासारख्या वाटतात, त्यावरून स्टाफमध्येच वाद होतात. दुसरा, मध्यम बौद्धिक अक्षमतेचा १९ वर्षांचा मुलगा. बोलणं दोन-तीन शब्दांचं. चार दिवसांपासून स्वतःच्या कानशिलावर मारून घेतोय. कोणी दुर्लक्ष करा म्हणतं, कोणी हात बांधा म्हणतं. नेमकं काय करावं?

कृष्णाकाठ:
मुलीबद्दल लिहितो.

जखम झाली की आधी जखमच बघा. स्वच्छ गॉजने १० मिनिटं सलग दाब, मधे उचलून पाहायचं नाही. मग नॉर्मल सलाइनने धुणं, टाके लागतील का ते डॉक्टरांना दाखवणं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते विचारणं. हे सगळं शांतपणे, मोजक्या शब्दांत. रागवायचं नाही आणि त्याच वेळी जवळ बसून तासभर समजूतही काढायची नाही. कापल्यावरच माणूस जवळ येतं, हे शिक्षण नकळत आपणच देतो. त्याउलट रोज ठरलेल्या वेळी, समजा दुपारी ४ वाजता, १५ मिनिटं तिची. त्या दिवशी कापलं असेल तरीही, नसेल तरीही. ती वेळ चुकवू नका. "नंतर येते" म्हणून न जाणं हे या आजारात फार खोल लागतं.

"मरावंसं वाटतंय का? कसं करायचं ठरवलंय का?" हे सरळ विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. कापून घेणं बऱ्याचदा मरण्यासाठी नसतं, असह्य ताण उतरवण्यासाठी असतं. पण म्हणून धोका नाही असं धरू नका, दर वेळी नव्याने विचारा. "नाटक करते", "लक्ष वेधून घेते" हे शब्द केस पेपरवर नकोत. काय केलं, किती वाजता, त्याआधी काय घडलं, एवढंच लिहा.

फेरी दर १५ मिनिटांनी असेल तर घड्याळ लावून जाऊ नका, वेळ पुढे-मागे करा. ठरावीक फेऱ्यांमधली मोकळी वेळ रुग्णाला पाठ होते. धोका जास्त असेल तर हाताच्या अंतरावर एक माणूस कायम हवा. ब्लेड सगळे शोधतात. अँप्यूलची (इंजेक्शनच्या औषधाच्या कुपीची) काच, बांगड्या, ओढणी, फिनेलची बाटली मात्र राहून जातात.

देव आणि वैरी यावर उपाय हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना माहिती सोपवण्यात आहे. फोन किती वेळ, भेट कधी, झोपेची गोळी मागितली तर काय, या चार-पाच गोष्टींची उत्तरं एका कागदावर लिहून तिन्ही पाळ्यांनी तीच द्यायची. तो कागद तिलाही दाखवायचा. "तुम्हीच एकट्या समजून घेता" असं म्हणाली तर, "रात्रीच्या सिस्टरांशीही हे बोलू या, मी सोबत असेन." सहकाऱ्याची बाजूही घ्यायची नाही, तक्रारही उचलून धरायची नाही. खरी तक्रार असेल तर इनचार्ज सिस्टरांकडे नोंद करायची.

पिंपळपान:
मुलाबाबत दुर्लक्षही नको, बांधणंही नको. चार दिवसांपूर्वी नव्हतं आणि आता आहे, म्हणजे दुखणं आहे असंच आधी धरा. कानात मळ किंवा पू, किडलेला दात, हिरड्या (फेनिटोइन हे फिट्सचं औषध चालू असेल तर सुजतात), लघवीची जळजळ. शेवटचा शौच कधी झाला ती तारीख शोधा, बद्धकोष्ठ हे फार सुटणारं कारण आहे. "मतिमंद आहे, असं करणारच" या एका वाक्यापायी कानाचा संसर्ग आठवडाभर तपासला जात नाही. औषधंही बघा: रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल या मनोविकाराच्या औषधांनी एका जागी बसवत नाही अशी तगमग होते, आणि ती उपद्रव समजून डोस वाढवला की तगमग आणखी वाढते. मान वाकडी, डोळे वर गेले तर ताबडतोब डॉक्टर.

शरीरात काही सापडलं नाही तर ५ ते ७ दिवस तक्ता भरा: वेळ, आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. शेवटचा रकाना सगळे रिकामा सोडतात, आणि उत्तर तिथेच असतं. अंघोळीला नेताना मारतो आणि अंघोळ टळते? मग टाळण्यासाठी आहे. तेव्हा अंघोळ रद्द करायची नाही, सोपी करायची. टॉवेल दाखवायचा, "आधी अंघोळ, मग चहा". एका वेळी एकच सूचना, तीन-चार शब्दांची, मग १० सेकंद थांबा. घाईने तीच सूचना वेगळ्या शब्दांत दिली की त्याला दोन सूचना ऐकू येतात.

मारत असताना न बोलता हात आणि कान यांच्यामध्ये उशी धरा. मारल्यावर त्याला हवं ते देणं बंद केलं की पहिले काही दिवस मारणं वाढतं, हे सगळ्या स्टाफला आधीच सांगा. रात्रपाळीने तिसऱ्या दिवशी हार मानली तर तो एवढंच शिकतो की जास्त वेळ मारावं लागतं.

कपडे घालणं शिकवताना शेवटून सुरू करा. पँट गुडघ्यापर्यंत तुम्ही चढवा, वर त्याने ओढायची, लगेच शाबासकी. जमलं की एक पायरी मागे. आणि १९ वर्षांच्या मुलाशी "सोन्या-बाळा" नको, नावाने बोला.

नवी_पाळी:
खूप उपयोग झाला. आजच कानाची तपासणी सांगते. पण रात्री दोनच सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय) असतात. डोकं भिंतीवर आपटू लागला तर बांधायचं का?

इनचार्ज_सिस्टर:
स्टाफ कमी आहे म्हणून नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९७ मध्ये हे स्पष्ट आहे. शिक्षा म्हणूनही नाही. खोलीत एकटं कोंडणं तर पूर्ण बंद. ताबडतोब इजा होणार असेल आणि ती रोखायला दुसरा मार्ग नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने, गरजेपुरता वेळ. कारण, पद्धत आणि कालावधी लगेच केस पेपरवर, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने निर्णयात साथ देणारी, कायद्याने नेमलेली व्यक्ती) २४ तासांच्या आत कळवायचं.

बांधावंच लागलं तर रुंद मऊ पट्टी, दोन बोटं जातील एवढी सैल, पालथं कधीही नाही. दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग, ऊब, नाडी आणि श्वास. पाणी आणि लघवीचं विचारायचं. पण त्याआधी खाट भिंतीपासून दूर ओढा, बाजूला गादी टाका, ट्यूबलाइट आणि टीव्ही बंद करा.

एक कागदोपत्री मुद्दा: या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत नुसती बौद्धिक अक्षमता येत नाही. त्या मुलाचे हक्क दिव्यांग हक्क कायदा, २०१६ खाली. डिस्चार्जआधी आईवडिलांना यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि राष्ट्रीय न्यास कायद्याखालचं पालकत्व समजावून सांगा. १८ पूर्ण झाल्यावर आईवडिलांचं पालकत्व आपोआप चालू राहत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो.

आणि त्या मुलीला घरी सोडताना गोळ्या एका आठवड्याच्याच द्याव्यात, हे डॉक्टरांना आठवण करून द्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या कागदावर वरच लिहा.