मदत हवी आहे: औषधाचं जेनेरिक (पेटंट संपल्यावर इतर कंपन्या काढतात ते तेच औषध) कधी येणार, हे नेमकं कुठे बघायचं?

आईला एक ब्रँडेड गोळी कायमची लागली आहे. मी स्ट्रिप उलटीसुलटी करून दमले, पेटंटबद्दल त्यावर अवाक्षर नाही. पेटंट 20 वर्षांचं, आणि ती मोजायची अर्जाच्या तारखेपासून, औषध बाजारात आल्यापासून नव्हे, एवढं कळलंय. (चाचण्यांतच त्यातली बरीच वर्षं जातात, ते वेगळंच.) पण मूळ रेणूचं पेटंट संपलं तरी त्याच्या क्षाररूपाचं (सॉल्टचं), कोटिंगचं, हळूहळू विरघळणाऱ्या गोळीचं पेटंट निराळं असू शकतं म्हणे! मग कुठली तारीख खरी धरायची? अमेरिकेच्या एफडीएचं (तिथल्या औषध नियामक संस्थेचं) ‘ऑरेंज बुक’, म्हणजे मंजूर औषधं आणि त्यांच्या पेटंटची यादी, पाहिलं, पण त्यातल्या तारखा फक्त तिथल्याच. इतर देशांसाठी कसं शोधता? कुणी फार्मसीतलं असेल तर प्लीज सांगा.