दस्तऐवजीकरण, वापरसूचना की टूलवर्णन? (एआय एजंटच्या संदर्भात)

सिडको, नाशिक:
सॉफ्टवेअर टूल्सची लेखी माहिती एआय एजंटला (सांगितलेलं काम स्वतः टूल्स वापरून करणाऱ्या एआय प्रणालीला) कितपत पुरते, याचं मूल्यमापन करणाऱ्या अहवालाचं मराठीकरण चालू आहे. 'डॉक्युमेंटेशन'साठी 'दस्तऐवजीकरण' चालेल का?

गंगापूर रोड:
चालेल, पण अर्थ ढिला होईल. दस्तऐवजीकरण ही क्रिया आहे: असलेल्या किंवा घडलेल्या गोष्टीची पद्धतशीर नोंद करून ठेवणं. लोककलांचं दस्तऐवजीकरण म्हणतो ते बरोबर. टूल कसं वापरायचं हे सांगणारा मजकूर म्हणजे वापरसूचना.

त्याहून मोठी अडचण अशी, की एजंटच्या पुढे येणारा मजकूर एकच नसतो. पहिलं टूलवर्णन. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एआयला टूल्स जोडण्याच्या सामायिक पद्धतीत, प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि इनपुट स्कीमा (टूलला कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा) असतो. नाव आणि स्कीमा सक्तीचे, वर्णन ऐच्छिक. म्हणून ते बऱ्याचदा एका ओळीत उरकलेलं असतं. एजंट टूल निवडतो ते मुख्यतः यावरूनच. दुसरी मार्गदर्शिका, म्हणजे संकेतस्थळावरची सविस्तर पानं. ती एजंट उघडेलच असं नाही. तिसरा त्रुटीसंदेश. याला सहसा कोणी डॉक्युमेंटेशन म्हणत नाही, पण टूल चालवण्याचा प्रयत्न फसल्यावर एजंटच्या हातात तेवढाच मजकूर असतो. अहवाल यातल्या कशाबद्दल बोलतो ते पाहून शब्द निवडा. तिन्हींबद्दल असेल तर 'वापरसूचना' आणि खाली पोटभेद.

निफाड:
उदाहरणाशिवाय हे हवेत राहील. समजा, बाजारभाव देणारं एक टूल आहे आणि वर्णन एवढंच: 'बाजारभाव मिळवते.' शेतकऱ्याने विचारलं, लासलगावला ३ एप्रिलला कांदा काय भावाने गेला? आता काय काय बिघडतं बघा.

तारीख ०३/०४ अशी गेली, तर टूल ती ४ मार्च समजू शकतं. त्रुटी येत नाही, उत्तर व्यवस्थित येतं, फक्त दिवस चुकीचा. भाव क्विंटलचा आहे हे कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून एजंट किलोचा समजला तर आकडा शंभरपट फुगतो. पणन मंडळाच्या याद्यांत लासलगाव, लासलगाव - निफाड, लासलगाव - विंचूर अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. त्यातली कोणती धरायची? कांदा लाल, उन्हाळी की पोळ?

आणि सगळ्यात फसवा शब्द 'सर्वसाधारण दर'. बाजार समितीच्या भाषेत त्याचा अर्थ, जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला तो. एजंट त्याला सरासरी समजतो, किंवा किमान-कमालची बेरीज करून दोनाने भागतो. किमान ५००, कमाल १८००, सर्वसाधारण १४५० असेल, तर भागाकाराचं उत्तर ११५० येतं. क्विंटलमागे ३०० रुपयांचा फरक!

सुधारलेलं वर्णन असं हवं: 'एका बाजार समितीतला, एका शेतमालाचा, एका दिवसाचा भाव देते. दर रुपये प्रति क्विंटल. तारीख वर्ष-महिना-दिवस. समितीचा कोड समिती-यादी या टूलमधून घ्यावा. सर्वसाधारण दर म्हणजे सरासरी नव्हे. लिलाव नसेल त्या दिवशी रिकामी यादी येते. मागच्या दिवसाचा भाव परस्पर देऊ नये.' शेवटचं वाक्य लोक हटकून विसरतात.

सिडको, नाशिक:
म्हणजे पोटभेद ठेवतो. 'इव्हॅल्युएशन'ला मात्र मूल्यमापनच ना? मजकुरात परीक्षण, चाचणी, मूल्यमापन असं तिन्ही आलटून पालटून आलंय.

नाशिकरोड:
आलटून पालटून नको, तीन वेगळी कामं आहेत. माणसाने वर्णन वाचून गुण देणं हे परीक्षण. एजंटला काम देऊन तो काय करतो ते पाहणं ही चाचणी. दोन्हींवरून निष्कर्ष काढणं म्हणजे मूल्यमापन. परीक्षणात उत्तम ठरलेला मजकूर चाचणीत आपटू शकतो, कारण माणूस गाळलेलं मनाने भरून घेतो आणि आपण भरलं हे त्याच्या लक्षातही येत नाही.

चाचणीची रीत साधारण अशी: वीस-तीस कामं ठरवा, त्यांची बरोबर उत्तरं आधी लिहून ठेवा. प्रत्येक काम किमान पाच वेळा चालवा, कारण एजंटमागचं एआय मॉडेल दर वेळी तसंच वागत नाही. योग्य टूल निवडलं का, पॅरामीटर (तारीख, समितीचा कोड अशी टूलला द्यायची माहिती) बरोबर भरले का, त्रुटीनंतर सावरलं का आणि शेवटचं उत्तर, हे चारही वेगळे नोंदवा. एकच टक्केवारी काढली तर दोष वर्णनात की त्रुटीसंदेशात ते कळत नाही. टूल वापरायलाच नको अशी काही कामंही घाला. मग फक्त वर्णन बदला, मॉडेल आणि बाकी सगळं तेच ठेवा, पुन्हा चालवा.

वर्णन पूर्ण काढूनही एक फेरी घ्याच. गिटसारखी (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) प्रसिद्ध टूल्स मॉडेलला प्रशिक्षणातूनच ठाऊक असतात. तिथे कोऱ्या वर्णनावरही काम जमतं आणि श्रेय फुकट तुमच्या मजकुराला जातं. तसंच, त्याच कामांवर वर्णन घासत राहिलात तर ते गाईड पाठ करून पेपर सोडवल्यासारखं होतं. म्हणून थोडी कामं बाजूला राखून ठेवा आणि शेवटी एकदाच वापरा.

सिडको, नाशिक:
'एजंट' तसाच ठेवू ना? परिभाषेत 'अभिकर्ता' दिसतो.

गंगापूर रोड:
एजंटच ठेवा. अभिकर्ता वाचून लोकांना विमा आठवेल.

निफाड:
एक राहिलं. अहवालातली उदाहरणं मराठीत करताना टूलचं नाव आणि पॅरामीटरची नावं रोमनमध्येच राहू द्या. बऱ्याच ठिकाणी नावात रोमन अक्षरं, अंक, अधोरेषा आणि जोडरेघ एवढंच चालतं. वर्णन मराठीत चालेल, पण देवनागरीला सहसा टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे करून वाचतं ते) जास्त लागतात, म्हणून ते आटोपशीर ठेवा. आणि आकडे जपून: जेसनमध्ये (टूलला माहिती देण्याघेण्याच्या मजकूर-स्वरूपात) संख्या म्हणून देवनागरी अंक लिहिला, तर ती फाइल वाचलीच जात नाही.