मदत हवी आहे : जुनं फडताळ ठेवून ट्रॉल्या बसतील का?

नमस्कार मंडळी. वाईजवळच्या आमच्या जुन्या घराचं स्वयंपाकघर नव्यानं करायला काढलंय. दगड-चुन्याच्या जाड भिंती, शहाबादी फरशी, सागवानी फडताळ आणि आजीची पितळी डब्यांची मांडणी. यातलं काहीही हलवायचं नाही, असं आईनं बजावलंय. (पाटा-वरवंट्याला तर हातही लावू देत नाही!)

पण ओटा जेमतेम २८ इंचांचा आहे, भाकरी थापताना माझी कंबर धरते. नवा ३४ इंचांचा, कडप्प्याचा करावा म्हणते. त्याखाली स्टीलच्या ट्रॉल्या, वर चिमणी.

खरी अडचण भिंतींची. सुतार म्हणतो सिमेंटचा गिलावा करून टाइल लावा. पण चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढवलं की ओल आतच कोंडते ना? पावसाळ्यात पोपडे निघतील अशी भीती वाटते. शिवाय मिक्सर, ओव्हनसाठी वायरिंग हवंय. भिंत फोडण्यापेक्षा वरूनच वायरिंगची उघडी पट्टी, पितळी स्विच लावून, कुणी केली आहे का? तेलकट होते का फार?

आणि शहाबादीवरचे हळदीचे डाग कशानं जातात? चुन्याचं काम जाणणारा गवंडी साताऱ्याकडे कुणाच्या माहितीत असेल तर नक्की कळवा. फोटो असले तर फारच बरं.